यंदा स्टूल कुणी धरायचं?

सगुणा,

नाताळचं झाड अजून सायकललाच बांधलेलं आहे. परवा संध्याकाळी आणलं तेव्हापासून सायकल ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे आणि कॅरिअरवर सुरूची फांदी सुतळीने आवळलेली, तशीच. मी शाळेत चालत जातो आहे. गल्लीला वाटत असेल, मास्तरांची सायकल पंक्चर झाली. घरात कुणी ती सुतळी सोडत नाही आणि फांदी नेऊन टाका, असंही कुणी म्हणत नाही.

मग आणलीत कशाला, असं तू विचारशील. तेच मलाही कुणाला तरी विचारायचं आहे. शाळा सुटली, सायकलवर बसलो, आणि घराकडे वळायच्या ऐवजी दरवर्षीसारखा रंकाळ्याच्या बाजूला त्या बागेत गेलो. माळ्याने मला पाहिलं आणि कोयता काढला. फांदी तोडून देताना म्हणाला, "बाईसाहेब बऱ्या हाईत न्हवं?" मी म्हटलं, "हो." आता हे "हो" माझ्या तोंडून का निघालं, ते मला घरी येईपर्यंत कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. तू म्हणायचीस, "मास्तर, तुमास्नी धड खोटं बी बोलाय येत न्हाई." बघ, आलं.

आणखी एक घोटाळा म्हणजे तुला हाक कशी मारायची. तू होतीस तोवर घरात "अगं" होतीस आणि बाहेर "शमूची आई". नाव घेऊन हाक मारल्याचं मला एकदाही आठवत नाही. आज "सगुणा" लिहिलं आणि दुसऱ्याच कुणाच्या बायकोला पत्र लिहितोय असं वाटून मी दाराकडे पाहिलं. पण ज्या माणसाने "ओ" द्यायची नाही त्याला "अगं" म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा सगुणाच असू दे.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. अक्का कोडोलीहून घर सांभाळायला आली आहे. माझी थोरली बहीण, तेव्हा तिच्यापुढे मी कालही पोर होतो आणि आजही आहे. झाड बघितल्याबरोबर ती म्हणाली, "हे काय आणलंस रं? घरातली बाई गेली आणि तू सण करतोस?"

मी म्हटलं, "अक्का, आपल्यात सुतक नसतं."

"नसतंय, व्हय. खरं लोकं काय म्हणतील? वरीस सरू दे की."

पाळकसाहेबांनी तुझ्या मातीच्या वेळी सांगितलं होतं, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. ते ऐकताना पटलं होतं. अक्का बोलली तेव्हा तेही पटलं. अलीकडे माझं असं झालं आहे की जो बोलेल त्याचं पटतं. वर्गात एका मुलाने सात आणि आठ सोळा म्हटलं तर मी क्षणभर विचारात पडलो.

आणि मुलं. त्यांना वाटतं की झाड होणारच, कारण झाड आलेलं आहे. भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून. शमू म्हणतो, चांदणी आधी लावायची, मग बाकीचं. रूथ म्हणते, चांदणी शेवटी. शमूचं म्हणणं, "झाड भरल्यावर शेंड्याला हात कसा पोचल? लाह्या सगळ्या खाली पडतील की." रूथचं म्हणणं, "आई म्हणायची, चांदणी लागली की झाड झालं. मी ऐकलंय." दोघंही बायबलवर हात ठेवायला तयार. काल जेवताना ते इतक्या जोरात भांडले की अक्काने दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. मग दोघं माझ्याकडे वळले. "बाबा, तुमी सांगा. तुमी हुतासाच की."

मी होतो. हो, होतो की. पण मला ठाऊक नाही, सगुणा. मी कुठे होतो हे तुला माहीत आहे. मी खाली स्टूल धरून होतो.

ते लंगडं स्टूल. आपण संस्थान विलीन झालं त्या सुमाराला कोडोली सोडून कोल्हापुरात आलो, तेव्हा जुन्या बाजारातून आणलेलं. एक पाय आखूड. पहिल्या नाताळात तू त्यावर चढलीस, ते डुगडुगलं आणि तू म्हणालीस, "स्टूल धरा." मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी धरलं. मान वर केली की तू दटावायचीस, "खाली बघा, पाय हलतोय." म्हणजे दरवर्षी तू वर झाड सजवत होतीस आणि मी खाली फरशी, तुझ्या लुगड्याचा काठ आणि तुझ्या टाचांच्या भेगा बघत होतो. त्या भेगा मला पाठ आहेत. डाव्या टाचेवरची एक मोठी, तिला दोन फाटे. माझ्या डोक्यावर लाह्या पडायच्या, कापूस पडायचा, एकदा कात्री पडली. झाड पुरं झालेलं मी पाहायचो, अगदी तोंड भरून कौतुक करायचो. पण वर्गात मुलांना मी रोज सांगतो, नुसतं उत्तर लिहू नका, रीत दाखवा, रीतीला गुण आहेत. आणि इथे माझ्याकडे नुसतं उत्तर आहे.

त्या आखूड पायाखाली चकती ठोकायला मी एकदा सुताराला घेऊन आलो होतो. आठवतं? तू त्याला चहा पाजलास आणि वाटेला लावलंस. "असू दे लंगडं," म्हणालीस, "कुणाचं काय अडलंय?" माझं अडलं होतं, माझे गुडघे दुखत होते. मला राग आला होता. चार आण्याचं काम, आणि ही बाई लंगडं स्टूल जपून ठेवते. दोन दिवस मी त्या स्टुलाकडे बघून धुसफुसत होतो.

त्याच सुमाराला तू मला एकदम सांगितलंस, "मास्तर, टाळूवर चंद्र उगवलाय." मी हात लावून बघितला, खरंच होता. मी आरशात रोज भांग पाडायचो आणि मला पत्ता नव्हता. तुला कसा लागला, याचं तेव्हा नवल वाटलं आणि मग मी विसरून गेलो.

गाठींचं भांडण मात्र मी विसरलेलो नाही आणि ते मिटलेलंही नाही. पाडव्याला शेजारच्या कमळाबाई मुलांना साखरेच्या गाठी द्यायच्या. मुलांनी खाल्ल्या असतील, असं मी समजून होतो. पहिल्या वर्षी झाड पूर्ण झाल्यावर बघतो तर ज्वारीच्या लाह्यांच्या माळा, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचे तुकडे, बांबूच्या काड्यांची पतंगी कागद लावलेली चांदणी, आणि मध्ये मध्ये लटकलेल्या गुढीपाडव्याच्या गाठी. पाडव्यापासून नाताळापर्यंत तू त्या डब्यात दडवून ठेवल्या होत्यास. जरा पिवळ्या पडलेल्या. मी म्हटलं, "अगं, या गुढीच्या. नाताळच्या झाडाला कशा चालतील?"

तू म्हणालीस, "साखर काय बाटती व्हय?"

मी शास्त्रार्थ सुरू केला. सणाला अर्थ असतो, खुणेला अर्थ असतो, एकाची खूण दुसऱ्याला लावली की दोन्हीचा अर्थ जातो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पोरास्नी बगा की, कसं वर बगालीत." मुलं खरोखरच आ वासून बघत होती. पण तो मुद्द्याला धरून जबाब नव्हता.

सकाळी उठून बघतो तर झाड काळं. मुंग्या. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत रांगा लागलेल्या, चांदणीवरसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी "बघ" एवढंच म्हणालो आणि शाळेला गेलो. संध्याकाळी परत आलो तर झाड झटकून पुन्हा सजलेलं, आणि झाड रोवलेला रॉकेलचा डबा पाण्याने भरलेल्या परातीत उभा केलेला, आपण दुधाच्या भांड्याला करतो तसा. गाठी जागच्या जागी. पुढच्या वर्षीपासून परात आधी यायची आणि झाड मग. मुलांनी त्या पाण्यात झेंडूच्या पाकळ्या टाकायला सुरुवात केली. एका नाताळात पाळकसाहेब आले, परातीकडे बराच वेळ बघत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "हे पाणी फार सुंदर आहे. कशाची खूण म्हणायची ही?" मी घसा खाकरून बाप्तिस्म्याबद्दल काहीतरी जुळवत होतो, तोवर तू आतून करंज्यांची ताटली घेऊन आलीस आणि म्हणालीस, "मुंग्यांची." पाळकसाहेब हसले, आणि नंतर बराच वेळ त्यांना करंजी गिळता येईना.

इथपर्यंत लिहिताना बरं वाटलं. आता ज्या भांडणाबद्दल लिहायचं टाळत होतो त्याकडे येतो.

तुझी आई गेली तो नाताळ. नाताळ तोंडावर होता. कोडोलीला माती देऊन आपण परत आलो. घरी आल्यावर तोंड धुतलंस आणि लाह्या ओवायला बसलीस. मला ते बघवेना. अक्का आज म्हणते तेच मी तेव्हा म्हटलं, शब्द जरा बरे वापरले असतील. "आई गेली आणि तू झाड सजवतेस? निदान यंदा तरी राहू दे. लोक काय म्हणतील?" तू सुई थांबवली नाहीस. मी पुन्हा विचारलं, "तुला काहीच वाटत नाही का?" तू उठलीस, स्टूल ओढलंस आणि म्हणालीस, "स्टूल धरा."

मी धरलं. काय करणार? त्या दिवशी ते फारच हलत होतं. मी आखूड पाय फरशीवर दाबून धरला, हाताला रग लागली, तरी हलायचं थांबेना. मग माझ्या लक्षात आलं की स्टूल जागच्या जागी आहे. हलत होतीस ती तू. मी मान वर केली नाही. तू सांगितलं होतंस, खाली बघा. मी खालीच बघत राहिलो.

त्यानंतर पुष्कळदा वाटलं, विचारावं, का केलंस तेव्हा झाड? विचारलं नाही. तू मला मूर्खात काढशील असं वाटायचं. आणि आता नेमका तोच प्रश्न माझ्या ओसरीत सायकलला बांधून उभा आहे, आणि उत्तर ज्या बाईकडे होतं ती नाही. ही कसली पद्धत आहे, सगुणा? पेपर हातात द्यायचा आणि निघून जायचं?

*

वरचं लिहून दोन दिवस झाले. मध्ये बरंच घडलं.

मुलांनी गाठींचा डबा शोधायला घर पालथं घातलं. यंदाच्या पाडव्याच्या गाठी तू ठेवल्या असणार, यावर दोघांचं एकमत होतं. नाहीतर हल्ली एकमत होत नाही. माळा बघितला, पिठाच्या डब्यांच्या मागे बघितलं, चूल पेटवायच्या गोवऱ्यांत हात घातला. रूथने तुझी ट्रंक उघडली आणि वरचं लुगडं बघून लगेच बंद केली. डबा मिळाला नाही. मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, झालं, गाठी नाहीत तर झाड नाही, ठरलं. मला ठरवावं लागलं नाही.

तेवढ्यात दारात कमळाबाई. हातात डबा. "मास्तर, ह्यो घ्या. पोरं चोरून खात्यात म्हनून शमूच्या आईनं माझ्याकडं ठेवलता. दर वरसाला ठेवायची." मग ओसरीतल्या सायकलकडे बघत म्हणाल्या, "अजून उभं न्हाई केलं व्हय झाड? आमची पोरं इचारालीत."

अक्का आतून बाहेर आली. "बाई, आमच्या घरात आत्ताच मानूस गेलंय."

कमळाबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय की. मी हुतोच की हितं." आणि डबा माझ्या हातात देऊन निघून गेल्या.

माझ्या डोक्याचा गोंधळ बघ. आपल्यातली बाई म्हणते वर्षभर सण नको, आणि जिच्या घरात माणूस गेलं की खरंच वर्षभर सण करत नाहीत ती बाई विचारते झाड का उभं केलं नाही. मी डबा उघडायला घेतला. तोंड फडक्याने बांधलेलं आणि त्यावर तुझ्या हातची गाठ, सुटता सुटेना अशी. दातांनी सोडवली. आत गाठी, पिवळ्या पडलेल्या. अक्का माझ्याकडे बघत होती. ती काहीतरी बोलणार म्हणून मी थांबलो. ती आत गेली आणि परात घेऊन आली. "मुंग्या लागतील," म्हणाली, आणि परात माझ्यापुढे आपटली. मला वाटतं, तिने परवानगी दिली. की ती चिडली होती? अजून विचारलं नाही.

दुपारी मी सुतळी सोडली. झाड रॉकेलच्या डब्यात रोवलं, विटा घातल्या, वाळू घातली, पाणी भरलं. मुलांचं पुन्हा सुरू झालं, चांदणी आधी, चांदणी शेवटी. मी म्हटलं, थांबा, मला आठवू दे. मला दिसलेलं काही नव्हतं, पण माझ्या गुडघ्यांना आठवत होतं. मी बसलो आणि स्टूल धरून बघितलं. आधी धरायचो, तू उतरायचीस, चहा व्हायचा, मुलं खालच्या फांद्या भरायची. आणि मग तू म्हणायचीस, पुन्हा धरा. मी वैतागायचो, "आता परत कशाला?" तू म्हणायचीस, "चांदणी वाकडी झाली." दरवर्षी. म्हणजे तू दोनदा चढायचीस. एकदा लावायला, एकदा सरळ करायला. शमूही खरा आणि रूथही खरी.

मुलांना हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी फार मोठं गणित सोडवलं. शमू म्हणाला, "मग बाबा, आता तुमी चढा. आमचा हात पोचत न्हाई." मी म्हटलं, मी धरतो ना. "मग चढणार कोण?" अक्काकडे बघितलं, ती शेंगा सोलत होती, तिने वर बघितलंही नाही. रूथ येऊन गुडघ्यावर बसली आणि तिने स्टूल धरलं. मी चढलो. चांदणी लावली. उतरलो. चहा झाला. मुलांनी लाह्या आणि गाठी लावल्या. कमळाबाईंची दोन पोरं आली आणि पाकळ्या पाण्यात टाकून गेली. मग रूथ पुन्हा स्टूल धरून बसली. "आता दुसऱ्यांदा," म्हणाली.

मी दुसऱ्यांदा चढलो. चांदणी वाकडी नव्हती.

नीट बघितली. सरळ होती. मुलं खालून शेंड्याला हात लावूच शकत नाहीत, मग ती वाकडी होईल कशी? दरवर्षी कशी होईल? वरून दिसतं तरी काय, म्हणून बघितलं. वरच्या झरोक्यातून कमळाबाईंच्या घराची कौलं दिसतात आणि त्यावर चढलेला दुधीचा वेल. एवढ्यासाठी कुणी चढत नाही. मग मी खाली बघितलं. खाली रूथ होती. मान खाली घालून, दोन्ही हातांनी स्टुलाचा आखूड पाय धरून, सगळं अंग त्यावर टाकून. मला तिचा भांग दिसला. मीच पाडला होता सकाळी. कपाळापासून निघतो आणि मध्येच डावीकडे जातो. तू असतीस तर तिला असं बाहेर जाऊ दिलं नसतंस. तिची मान इतकी बारीक आहे हे मला माहीत नव्हतं.

मला तुझी इतकी आठवण आली की मी शेंड्याची फांदी धरली.

सगुणा, तू वरून काय बघत होतीस? चांदणी सरळ होती ना? कात्री पडली तेव्हा वर हसू ऐकू आलं होतं, मला वाटलं पडलेल्या कात्रीला हसतेस. आणि टाळूवरचा चंद्र तुला कुठून दिसला असेल, हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही? आईला माती देऊन आलीस त्या दिवशी इतका वेळ वर का उभी राहिलीस? मी खाली होतो म्हणून? मी हे बरोबर लावतो आहे की माझ्या सोयीचं लावतो आहे? तू असतीस तर "मास्तर, तुमचं आपलं कायतरीच" म्हणाली असतीस. बरोबर असतं तरी तेच म्हणाली असतीस.

मी तसाच वर उभा होतो. अक्का दारात येऊन उभी राहिली होती. शमूने विचारलं, "वाकडी हाय काय, बाबा?" मी म्हटलं, "हो, जरा वाकडी आहे." दुसऱ्यांदा खोटं बोललो, आणि या वेळी अगदी धड जमलं.

खालून रूथचा आवाज आला, "बाबा, उतरा की. हात दुखाय लागले."

मी म्हटलं, "वर बघू नको. पाय हलतोय. स्टूल धर."